अर्थिंग आहे, एमसीबी आहे, मग टबात भीती कसली?

लोणावळा, अलिबाग, गोव्याकडच्या भाड्याच्या बंगल्यांच्या जाहिरातींत हल्ली 'प्रायव्हेट जकुझी', म्हणजे पंपानं गरम पाणी उसळवणारा टब, हमखास दिसते. जकुझी हे मुळात एक आडनाव. इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेलं जाकुझी कुटुंब पंप बनवायचं. घरातल्या मुलाला संधिवात होता, त्याला घरच्या घरी पाण्याचा शेक मिळावा म्हणून त्यांनी १९५० च्या दशकात बाथटबात ठेवायचा पंप काढला. आज त्याच पंपाच्या जोडीला हीटर, ब्लोअर आणि दिवे आले आहेत. गीझरमध्येही पाणी आणि वीज शेजारीशेजारी असतात, पण तिथे आपण टाकीबाहेर असतो. इथे आपणच टाकीत बसलेले.

वायरमनला विचारलं की तो डीबी, म्हणजे खटक्यांची पेटी, उघडून दाखवतो, "बत्तीसचा एमसीबी टाकलाय, बिनधास्त राहा." एमसीबी म्हणजे ठरलेल्यापेक्षा, इथे ३२ अँपिअरपेक्षा, बराच जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका. तीन किलोवॉटचा हीटर १३ अँपिअर घेतो, पंप आणि ब्लोअर धरून आकडा वीसच्या पुढे जातो. म्हणजे स्वतंत्र जाड लाइन आणि तिच्यावर बत्तीसचा एमसीबी, हे बरोबरच आहे. पण एमसीबी राखतो ती वायर. माणसाशी त्याला देणंघेणं नाही. ओल्या अंगाचा रोध साधारण १,००० ओहमपर्यंत उतरतो. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर जातील, पाव अँपिअरही नाही. बत्तीसच्या एमसीबीला याची खबरही लागणार नाही, माणूस मात्र तेवढ्यात दगावतो.

बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डाल्झिएल या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिलं, की किती करंटपर्यंत हातातली तार सोडता येते. पुरुषांमध्ये सरासरी उत्तर आलं १६ मिलिअँपिअर. त्यापुढे स्नायू आवळतात आणि मूठ उघडत नाही. 'करंटनं धरून ठेवलं' असं आपण म्हणतो ते हेच. पुढे १९६१ मध्ये त्यांनी अंगातून जमिनीत जाणारी करंटची गळती पकडून वीज तोडणारं उपकरण केलं. आपल्याकडचा आरसीसीबी त्याच कुळातला. फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी) दोन्ही एकाच लोखंडी कड्यातून जातात. गेलेला करंट पुरता परत आला तर दोघांचे परिणाम एकमेकांना खोडतात आणि कडं शांत राहतं. थोडा करंट कुणाच्या अंगातून जमिनीत गेला की हिशेब चुकतो आणि खटका पडतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो आणि गळती मोठी असेल तर सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडतो. अमेरिकेत हीच मर्यादा साधारण ५ मिलिअँपिअर आहे.

"पण अर्थिंग केलंय की!" केलं असेल. कोकणातल्या कोरड्या जांभ्यात अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम निघाला, असं धरू. टबाच्या मोटरीची फेज बॉडीला लागली, तर जमिनीत जातील २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. बत्तीसचा एमसीबी ढिम्म हलणार नाही. अर्थिंग असूनही मोटरीची बॉडी जवळजवळ २३० व्होल्टवर बसून राहील. आरसीसीबी असेल तर खड्डा २०० ओहमचा असला तरी तो पडतो, कारण तेव्हाही एक अँपिअरहून थोडा जास्त करंट जमिनीत जातो आणि त्याला ३० मिलिअँपिअर पुरतात. 'अर्थिंग मिळत नाही' म्हणून अर्थची तार न्यूट्रलला बांधणारे वायरमनही मी पाहिले आहेत. मागे कुठे न्यूट्रल तुटलं की हीटर, मोटर, शिडी, सगळ्यांच्या बॉडीवर फेज येते. हा अडाणीपणा आहे, जुगाड नव्हे.

याखेरीज टबाला आणखी एक गोष्ट लागते, आणि तीच बहुतेक ठिकाणी राहून जाते. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर असतात. म्हणून टबाची शिडी, कठडा, मोटरीची बॉडी, जवळचा लोखंडी पाइप, हे सगळं तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडायचं. याला बाँडिंग म्हणतात. दोष आलाच, तर पाण्यातला पाय आणि कठड्यावरचा हात यांच्यात व्होल्टेजचा फरक राहत नाही.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून थेट तार मारली जाते. पडण्याचं कारण कित्येकदा इन्व्हर्टर असतो: त्याच्या लाइनला दुसऱ्याच सर्किटचं न्यूट्रल जोडलेलं असतं, त्यामुळे हिशेब जुळत नाही. न्यूट्रल वेगळं केलं की तक्रार मिटते. तेवढ्यानं मिटली नाही, तर हीटरचा एलिमेंट तपासायला हवा, तो खरोखरच गळत असू शकतो.

महिन्यातून एकदा, टबात कुणी नसताना, आरसीसीबीवरचं 'टी' बटण दाबून पाहावं. खटका पडला नाही तर तो बदलायचा. पण हे बटण फक्त उपकरण तपासतं; अर्थची तार मध्येच तुटलेली असली तरी खटका पडतोच. अर्थिंग वेगळं मोजावं लागतं, तेही एप्रिल-मेमध्ये, खड्डा कोरडा ठणठणीत असताना.