आयएसएसएन मिळाला म्हणजे पीअर रिव्ह्यू झाला असं नसतंय

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जावा, "जर्नल चांगलं आहे का?" म्हणून विचारलं की उत्तर एकच, "आयएसएसएन आहे की सर!" आम्ही इंग्रजी साहित्याच्या इतिहासावरचं जर्नल चालवतो आणि लेख पाठवणारे पण आम्हाला पहिला हाच प्रश्न विचारतात. लेख कोण वाचणार, हे कुणीच विचारत नाही.

आयएसएसएन तुम्हाला माहीतच आहे, आठ अंकी नंबर, नियतकालिकाला मिळतो, पुस्तकाला असतो तो आयएसबीएन, तो वेगळा. आपल्याकडे दिल्लीच्या आयएसएसएन केंद्राकडे अर्ज करायचा, फी नाही. आतले लेख बरे की वाईट हे तिथं कोणी बघत नाही आणि बघतो असं ते म्हणत पण नाहीत. गाडीवर केए २२ दिसलं की गाडी बेळगावची एवढं कळतं, ब्रेक लागतात का ते नाही कळत. आणि हा नंबर आला १९७० च्या दशकात. अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्सचं ईएलएच, म्हणजे इंग्रजी साहित्याच्या इतिहासाचं नावाजलेलं जर्नल, १९३४ पासून चालू आहे, म्हणजे पहिली पस्तीस-चाळीस वर्षं ते नंबराशिवायच चाललं, आणि त्याचं नाव झालं ते त्यातल्या लेखांमुळं.

आता पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या बाहेरच्या जाणकारानं छापायच्या आधी लेख तपासणं. घोळ खरा इथं आहे, कारण एडिटरनं वाचून स्पेलिंग दुरुस्त केलं की लोक त्यालाच रिव्ह्यू म्हणतात, आणि लेखातली नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा "८ टक्के" रिपोर्ट जोडला की मग विषयच संपला. त्या टक्क्यांवरून मजकूर दुसरीकडं कुठं जुळतो एवढंच कळतं. स्वतःच्या शब्दात लिहिलेली चूक शून्य टक्के येते.

समजा एक लेख आला, त्यात म्हटलंय की इंग्रजी कवी वर्ड्सवर्थचं 'द प्रील्यूड' हे दीर्घकाव्य १८०५ चं, त्याच्यानंतरच्या कीट्स या कवीनं ते वाचलं आणि त्याच्या कवितेवर परिणाम झाला. भाषा छान, फॉरमॅट बरोबर, टक्केवारी कमी. एडिटर शेक्सपिअरवाला असेल तर हे त्याच्या हातून निसटू पण शकतं. पण त्या काळाचा जाणकार पहिल्या पानावरच थांबेल, कारण १८०५ ला कविता लिहून झाली होती, छापली नव्हती, घरच्यांनी आणि कोलरिजसारख्या मित्रांनी वाचली-ऐकली तेवढीच. छापून आली १८५० मध्ये, वर्ड्सवर्थ गेल्यावर, आणि १८०५ चा पाठ तर १९२६ ला. कीट्स १८२१ लाच गेला, मग त्यानं वाचली कुठं? आणि चांगला रिव्ह्यूअर एवढ्यावर लेख परत पाठवत नाही, तो लिहितो की या कवितेतले काही तुकडे १८०९ ला कोलरिजच्या 'द फ्रेंड' या नियतकालिकात आणि वर्ड्सवर्थच्या १८१५ च्या संग्रहात आले होते, ते कीट्सच्या हाती पडणं शक्य होतं, तुमचा मुद्दा तेवढ्यापुरता मांडा आणि पुरावा द्या. बघा, लेख पडत नाही, उभा राहतो! साहित्याच्या इतिहासात कविता कधी लिहिली, कधी छापली आणि कुणी वाचली या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या करून बघणारा बाहेरचा माणूस म्हणजे पीअर.

त्यासाठी आम्ही लेखकाचं नाव काढतो, फाईलच्या प्रॉपर्टीजमधलं पण काढतो, "माझ्या आधीच्या लेखात" असली वाक्यं बदलून घेतो, मग दोघांकडं पाठवतो, दोघंही आमच्या कॉलेजबाहेरचे. एक त्या काळाचा अभ्यासक, दुसरा शक्यतो हस्तलिखितं आणि आवृत्त्या बघणारा. याला महिने लागतात. आज पाठवा, उद्या ॲक्सेप्टन्स, म्हणणाऱ्या जर्नलवर मी अजिबात विश्वास ठेवत नाही, नावात कितीही इंटरनॅशनल असू दे आणि संपादक मंडळावर कितीही नावं असू देत.

२०२५ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, केअर लिस्ट ही मान्य जर्नलांची यादी बंद केली, त्यामुळं लिस्टकडं बोट दाखवायची सोय गेली, आता जर्नल कसलं आहे ते कॉलेजलाच ठरवायचंय. म्हणून पीएचडी करणाऱ्या पोरापोरींना माझं कळकळीचं सांगणं आहे, तुम्ही धारवाडला असा, कोल्हापूरला असा, नाहीतर राणी चन्नम्मा विद्यापीठात. पैसे भरायच्या आधी जर्नलला एकच मेल करा, "नाकारला तर रिव्ह्यूअरचा रिपोर्ट लेखकाला देता का?" देतो म्हणाले तर कधी, किती दिवसात, ते पण विचारा, आणि उत्तरात नुसता आयएसएसएनच परत पाठवला तर तिथं लेख देऊ नका.