सॅबोटाज: पाट्या टाकण्यापासून घातपातापर्यंत

‘सॅबोटाज’ म्हटलं की उखडलेले रूळ आणि उडवलेले पूल डोळ्यांपुढे येतात. मराठी बातम्यांतही त्याचा ‘घातपात’ होतो. फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेल्या या शब्दाचा सुरुवातीचा अर्थ मात्र आपल्या ‘पाट्या टाकणे’च्या जास्त जवळचा होता.

मूळ शब्द ‘साबो’. लाकूड कोरून केलेलं हे जड पादत्राण फ्रान्समधले शेतकरी आणि मजूर घालत. त्यावरून ‘साबोते’ हे क्रियापद आलं: आधी खाडखाड आवाज करत चालणं, मग काम कसंतरी उरकणं. चिडलेल्या कामगारांनी यंत्रांत साबो फेकले आणि शब्द जन्मला, ही कथा सगळीकडे सांगितली जाते. कथा झकास आहे, पण तिला त्या काळातला पुरावा नाही.

शब्दाला राजकीय धार आली ती १८९७मध्ये, तुलूझच्या कामगार अधिवेशनात. एमिल पुजे या अराजकवादी कार्यकर्त्यानं तिथे ‘सॅबोटाज’ हे लढ्याचं हत्यार म्हणून मांडलं. त्याच्यापुढे उदाहरण होतं १८८९च्या ग्लासगोतल्या गोदी कामगारांचं. त्यांचा संप फसला होता. त्यांच्या जागी मालकांनी शेतमजूर आणले होते, ज्यांना गोदीचं काम धड येत नव्हतं. कामावर परतलेल्या गोदीवाल्यांनी ठरवलं, आपणही त्यांच्याइतकंच वाईट काम करायचं! थोड्याच दिवसांत मालक नमले. जसा दाम तसं काम, एवढंच पुजेचं सूत्र होतं. त्यात स्फोटकं कुठेच नव्हती.

मग १९१०मध्ये फ्रेंच रेल्वेचा मोठा संप झाला. पंतप्रधान ब्रियाँ यांनी संपकऱ्यांना थेट लष्करी सेवेत बोलावून घेतलं. तारा तोडल्याच्या, सिग्नल बिघडवल्याच्या बातम्या इंग्रजी वर्तमानपत्रांत येऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर हा शब्दही तिकडे रुजला. इंग्रजीत तो आला तोच मोडतोडीचा वास घेऊन. पुढच्या दोन महायुद्धांनी त्यात शत्रूचे हस्तक भरले.

गंमत म्हणजे जुना अर्थ पुन्हा वर आला तो एका गुप्तचर संस्थेच्या कागदावर. जानेवारी १९४४मध्ये अमेरिकेच्या ‘ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस’नं शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशातल्या सामान्य माणसांसाठी सॅबोटाजची एक पुस्तिका काढली. जाळपोळीच्या युक्त्यांबरोबर तिच्यात कचेरीतल्या लोकांसाठीही सूचना होत्या: प्रत्येक गोष्ट रीतसर मार्गानंच करायचा हट्ट धरा, विषय समितीकडे सोपवा, समितीत पाचांपेक्षा कमी माणसं नकोत, आणि इतिवृत्तातल्या शब्दाशब्दाचा कीस पाडा.