जर्मनीत एक सणाची सुट्टी इन्शुरन्सपायी गेली, त्यामागचा इतिहास

नोव्हेंबरमध्ये जर्मन कॅलेंडरवर बूस उंट बेटटाग असतो, म्हणजे पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा दिवस, प्रोटेस्टंट लोकांचा. दरवर्षी बुधवारीच येतो, पण सॅक्सनी हे एक राज्य सोडलं तर सगळीकडे ऑफिसं चालू!

मुळात हा दिवस चर्चपेक्षा राज्यकर्त्यांचाच जास्त. युद्ध, दुष्काळ, साथ असं काही आलं की राजा फर्मान काढायचा, सगळ्यांनी काम थांबवून देवाची माफी मागा. १५३२ मध्ये तुर्कांच्या भीतीने स्ट्रासबुर्गमध्ये असा दिवस पाळल्याची नोंद आहे. पुढे प्रत्येक संस्थानाची आपापली तारीख, नुसता गोंधळ, शेवटी १८९३ ला प्रशिया या सगळ्यात मोठ्या जर्मन राज्याने आपल्यापुरता हा नोव्हेंबरमधला बुधवार पक्का केला. १९३९ ला नाझी सरकारने तो रविवारवर ढकलला, कारण युद्धात कामाचा दिवस वाया घालवायचा नव्हता. पूर्व जर्मनीत १९६० च्या दशकात पाच दिवसांचा आठवडा आला तेव्हा ही सुट्टी गेली आणि रिफॉर्मेशन डे पण गेला, म्हणजे ३१ ऑक्टोबर, प्रोटेस्टंट पंथाच्या सुरुवातीची आठवण म्हणून पाळतात तो दिवस.

पूर्व-पश्चिम जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्वेला ती परत मिळाली, पण जेमतेम चार-पाच वर्षं. १९९५ ला म्हाताऱ्या आणि आजारी लोकांच्या देखभालीचा सक्तीचा इन्शुरन्स सुरू झाला, त्याचा अर्धा हप्ता मालकांनी भरायचा होता, मग त्यांची भरपाई कशी करायची तर एक सुट्टी कापा. बळी या बुधवारचा. सॅक्सनीने सुट्टी ठेवली, पण तिथले कर्मचारी आजही पगारातून बाकी राज्यांपेक्षा अर्धा टक्का जास्त हप्ता भरतात आणि मालक तेवढाच कमी. दक्षिणेच्या बव्हेरिया राज्यात तर अजब प्रकार, शाळा बंद आणि आईबाप कामावर.

१९९७ ला उत्तरेच्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्यात सुट्टी परत आणायला सार्वमत झालं, मत देणाऱ्यांत बहुमत सुट्टीच्याच बाजूने होतं पण किमान मतांची अट पूर्ण झाली नाही, विषय संपला.

नंतर उलटी गंमत. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ ला चर्चवर टीका करणारे ९५ मुद्दे मांडले, त्याला ५०० वर्षं झाली म्हणून २०१७ ला रिफॉर्मेशन डेची सुट्टी त्या एका वर्षापुरती देशभर दिली, आणि २०१८ ला उत्तरेच्या चार राज्यांनी ती कायमचीच करून टाकली. मला तरी यात भक्तीपेक्षा हिशोब जास्त दिसतो, कारण कॅथलिक बव्हेरियापेक्षा उत्तरेला सुट्ट्या कमी ही जुनी तक्रार होतीच. ल्यूथरच्या ज्यूविरोधी लिखाणामुळे ज्यू संघटनांनी आक्षेप घेतला, तरी निर्णय झाला. बर्लिनलाही एक सुट्टी वाढवायची होती, त्यांनी २०१९ पासून ८ मार्चचा महिला दिन घेतला.