विद्यापीठ परिसरातील लैंगिक छळाचा प्रतिबंध (ठाणे–नवी मुंबई)

विद्यापीठे व महाविद्यालयांतील लैंगिक छळ रोखण्यासाठी आणि तक्रारदाराला दाद मिळावी यासाठी असलेली कायदेशीर व्यवस्था. तिचे मुख्य आधार दोन. पहिला, कामाच्या ठिकाणी महिलांना लैंगिक छळापासून संरक्षण देणारा २०१३ चा अधिनियम. दुसरा, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम, जे २ मे २०१६ रोजी अधिसूचित झाले. अधिनियमाखाली तक्रार फक्त स्त्रीला करता येते. विनियमांनी मात्र काही मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात हे मान्य केले, आणि हे पाऊल महत्त्वाचे आहे.

या व्यवस्थेमागे राजस्थानातील भंवरीदेवी या ‘साथिन’वर (सरकारी महिला विकास कार्यक्रमातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर) १९९२ मध्ये झालेला अत्याचार आहे. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पुढे ती पाळलीच जात नाहीत, हे पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयाच्या नजरेस आणले. त्या प्रकरणात २००४ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानावा. त्यामुळे तक्रारदाराला तीच हकिगत दुसऱ्या चौकशीपुढे पुन्हा सांगण्याची गरज उरली नाही.

विनियमांतली ‘आवारा’ची व्याख्या कुंपणापाशी संपत नाही. वसतिगृह, प्रयोगशाळा, कँटीन, संस्थेची बस, शैक्षणिक सहल, आयव्ही (कारखान्याची किंवा कंपनीची अभ्यासभेट), इंटर्नशिप, महोत्सव, क्रीडास्पर्धा हे सगळे तिच्यात येते. ठाणे–नवी मुंबईत हीच व्याख्या कळीची ठरते. इथली विद्यार्थिनी सकाळी ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळ किंवा वाशीला जाते, लेक्चर संपले की ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कंपनीत इंटर्नशिप करते आणि अंधार पडल्यावर घरी पोहोचते. कंपनीत त्रास झाला तर २०१३ च्या अधिनियमात प्रशिक्षणार्थीही ‘कर्मचारी’ धरला आहे, म्हणून तिला अशा तक्रारी ऐकणाऱ्या त्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे जाता येते. तिथे दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर त्याच अधिनियमाखालची जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. लोकलमध्ये अनोळखी माणसाने छेड काढली तर तो लोहमार्ग पोलिसांचा विषय आहे. त्यांचा मदत क्रमांक १५१२.

महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका असावी लागते आणि निम्म्या तरी सदस्य स्त्रियाच असाव्या लागतात. बाहेरचा एक सदस्य स्वयंसेवी क्षेत्रातला असतो. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही समितीत बसतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना सदस्य होता येत नाही. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत महिला विकास कक्षही असतो आणि पुष्कळ मुली त्यालाच समिती समजतात. कक्षाचे काम जागृतीचे आहे. साक्षीपुरावे घेण्याचे अधिकार समितीला आहेत.

घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. कारण पटल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची आणि अहवालावर संस्थेने ३० दिवसांत कृती करायची. तक्रारीची ही तीन महिन्यांची मुदत मुलींसाठी अपुरी आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्याच्या हाती इंटर्नलचे गुण, प्रोजेक्टवरची सही आणि डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी) आहे, त्याच्याविरुद्ध सेमिस्टर चालू असताना कोण बोलणार? म्हणून विनियमांतली सर्वांत मोलाची तरतूद अंतरिम दिलाशाची वाटते. चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचे किंवा परीक्षेचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येते. ही तरतूद पहिल्या वर्षीच्या प्रत्येक मुलीला प्रवेशाच्या दिवशीच माहीत व्हायला हवी. तिने हेही जाणून असावे की केवळ आरोप सिद्ध करता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

समितीकडे गेल्यामुळे पोलिसांचा मार्ग बंद होत नाही. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ कलम ७५ खाली आणि पाठलाग कलम ७८ खाली गुन्हा आहे. कनिष्ठ महाविद्यालय त्याच इमारतीत असते, आणि अकरावी-बारावीची बरीच मुले अठरा वर्षांखालची असतात. त्यांना पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा लागू होतो. तिथे गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणालाही गप्प राहण्याची मुभा नाही. प्राचार्यांनीही पोलिसांना कळवलेच पाहिजे.

नवी मुंबईपुरती एक अडचण वेगळी आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर आणि पनवेल रायगडमध्ये. पोलीस आयुक्तालय दोन्हीकडे नवी मुंबईचेच, पण स्थानिक समिती जिल्ह्यानुसार बदलते. खारघरमधल्या छोट्या कंपनीत इंटर्नशिप करणाऱ्या मुलीची समिती रायगडची, आणि त्या जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग. तिला तिथवर जावे लागू नये यासाठीच अधिनियमाने शहरी भागात प्रभाग किंवा नगरपालिका पातळीवर नोडल अधिकारी नेमायला सांगितले आहे. त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची असते.