सगळ्या टाउनशिप ३६ चौरस मैलांच्या?

‘अमेरिकेतली प्रत्येक ग्रामीण टाउनशिप बरोबर ३६ चौरस मैलांची’ हे वाक्य बरेच दिवस फिरतंय (टाउनशिप म्हणजे जमीन मोजणीचा चौकोन, किंवा स्थानिक कारभाराचा छोटा विभाग). त्याला आधार आहे: १७८५च्या कायद्याने सहा मैल बाजूचे चौकोन आखायचे ठरवले. पण रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येत जातात. मिशिगन राज्यात ४५ अंश अक्षांशावर उत्तरेकडे सहा मैल जाताना रुंदी सुमारे ४८ फुटांनी घटते. ही तूट पश्चिम कडेच्या तुकड्यांत टाकली जाते. शिवाय मोजणीचा चौकोन वेगळा, कारभाराची हद्द वेगळी. नदी-तळ्याकाठी तर चौकोन उरतच नाही. पेनसिल्व्हेनियात ही आखणी झालीच नाही.

जनगणनेच्या तक्त्यात जमीन आणि पाणी वेगळं दिलेलं असतं, तिथे पडताळा. लोकसंख्या पाहताना मात्र सांभाळा: मिशिगनमध्ये व्हिलेजची (टाउनशिपचाच भाग असलेल्या छोट्या गावाची) माणसं टाउनशिपमध्ये धरतात, सिटीची (टाउनशिपपासून वेगळ्या शहराची) नाही.