पाकिस्तानच्या तुरुंगातील खलाशाची सुटका: अर्ज, कागदपत्रे आणि संस्थांचे काम

सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानने पकडलेले आपले खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात ठेवले जातात. शिक्षा बहुतेकदा काही महिन्यांची असते, तरी माणसे वर्षानुवर्षे सुटत नाहीत. 21 मे 2008 च्या भारत-पाकिस्तान करारानुसार अटकेपासून तीन महिन्यांत आपल्या उच्चायुक्तालयाच्या अधिकाऱ्यांना कैद्याची भेट मिळायला हवी. शिक्षा पूर्ण झाली आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटली की महिन्याभरात त्याला परत पाठवायचे, असेही त्यात आहे. म्हणजे खात्री होईपर्यंत तो महिना सुरूच होत नाही, आणि खात्री होते ती गावातल्या कागदांवरून. मच्छीमार सोसायट्या, संघटना आणि गावातल्या संस्था यांनी जोर लावायचा तो इथे.

पडताळणीचा कागद इस्लामाबादच्या उच्चायुक्तालयातून परराष्ट्र मंत्रालय, गृह मंत्रालय, राज्याचा गृह विभाग असा फिरत स्थानिक पोलीस ठाण्यात येतो आणि तसाच उलट जातो. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीचे अनेक आदिवासी खलाशी ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर कामाला असतात. कैद्याने पत्ता म्हणून बंदराचे नाव सांगितले, तर चौकशी गुजरातेत जाते आणि तिथे तो माणूस कुणाला माहीत नसतो. नावाचेही तसेच: वडिलांचे नाव आडनावाच्या जागी पडते, पाड्याचे नाव गळते, इंग्रजी स्पेलिंग आधारशी जुळत नाही.

म्हणून अटकेची बातमी येताच प्रत्येक खलाशाचे एक पान तयार करावे. नाव देवनागरीत आणि इंग्रजीत, जितक्या प्रकारे लिहिले जाते तितक्या प्रकारे. वडिलांचे नाव, वय, पाडा, गाव, तालुका, पोलीस ठाणे, अटकेची तारीख, तांडेलाचे (बोटीच्या प्रमुखाचे) नाव आणि बोटीचा नोंदणी क्रमांक. सोबत आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, मच्छीमार ओळखपत्र आणि फोटो. बोट बंदरातून निघताना दिलेली खलाशांची यादी मालकाकडून लगेच घ्या. कामाची नोंद दाखवणारा तो मोठा पुरावा. एक संच पोलीस ठाण्यात, एक सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे, एक जिल्हाधिकारी कार्यालयात. प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी.

परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार कुटुंबातल्या माणसाच्या नावे नोंदवावी. संस्था पाठपुरावा करणार असेल तर कुटुंबाचे सहीचे किंवा अंगठ्याचे अधिकारपत्र जोडावे.

दोन्ही सरकारे 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. 1 जुलै 2025 च्या यादीत पाकिस्तानने 193 भारतीय मच्छीमार आपल्या ताब्यात असल्याचे कळवले होते. आपल्या माणसाचे नाव यादीत आले का आणि त्याच्या राष्ट्रीयत्वाची खात्री पाकिस्तानला कोणत्या तारखेला कळवली, एवढेच दोन प्रश्न माहिती अधिकारात विचारावेत. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज व्यक्तीच्या नावाने करा. हा अधिकार नागरिकाचा आहे, त्यामुळे संस्थेच्या नावाचा अर्ज परत येऊ शकतो. तारीख हाती आली की पत्रव्यवहाराला धार येते, कारण कराराचा महिना मोजता येतो.

निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती कैद्यांच्या प्रश्नांसाठी नेमलेली आहे, पण तिची पाकिस्तानातली भेट ऑक्टोबर 2013 नंतर झालेली नाही. त्यामुळे पलीकडच्या मच्छीमार संघटना आणि वकिलांशी संपर्क असलेल्या संस्थांचे महत्त्व वाढले आहे. ‘पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम’ 1994 पासून दोन्ही बाजूंच्या कैद्यांचा प्रश्न मांडत आला आहे. शिक्षा संपल्याची तारीख अनेकदा अशाच संपर्कातून आधी कळते.

सुटकेच्या वेळी उच्चायुक्तालय तात्पुरते प्रवासपत्र देते आणि आजवर अटारी-वाघा सीमेवर ताबा मिळत आला आहे. तिथून गुजरातचे मत्स्यव्यवसाय अधिकारी सगळ्यांना वेरावळकडे नेतात, म्हणून पालघरच्या खलाशांची नावे त्यांना आधीच कळवून ठेवावीत. जप्त बोट माणसांबरोबर येत नाही. तिचा पाठपुरावा मालकाने वेगळा करायचा असतो.