लोखंडी फास आणि दरबारी सावकार

४ फेब्रुवारी १७३८ रोजी श्टुटगार्टमध्ये योझेफ झ्यूस ओपनहायमर या ज्यू दरबारी सावकाराला फाशी दिलं, तेव्हा फासाचा खांब नव्याने घडवावा लागला नाही. लोखंडाचं सोनं करून देतो म्हणून तिथल्या तेव्हाच्या ड्यूकला (राज्यकर्त्याला) गंडवणाऱ्या एका किमयागारासाठी तो सुमारे १४० वर्षांपूर्वी उभारला होता, त्याच लोखंडातून. या वेळी वर एक पिंजरा तेवढा चढवला. झ्यूसचं प्रेत त्यात सहा वर्षं लोंबकळत राहिलं.

श्टुटगार्ट ज्यात येतं त्या व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्यात ज्यूंना वस्ती करायला पंधराव्या शतकाच्या अखेरीपासूनच बंदी होती. तिथे झ्यूस दरबारात पोचला तो कार्ल अलेक्झांडरमुळे. हा सेनापती १७३३ मध्ये ड्यूक झाला. तो कॅथलिक, प्रजा ल्यूथरपंथी (प्रोटेस्टंट) आणि कर मंजूर करण्याचा हक्क प्रांतसभेच्या हातात. सैन्याला पैसा हवा, सभा हात आखडते. झ्यूसने सभेला वळसा घातला: टांकसाळीचा मक्ता, मीठ-तंबाखूची मक्तेदारी, पदांची विक्री. पैसा ड्यूकच्या तिजोरीत गेला, शिव्या झ्यूसच्या वाट्याला आल्या. तो साधुसंत नव्हता, थाटात राहायचा. पण सह्या ड्यूकच्या होत्या, हे लोक सोयीने विसरले.

कामाचा जाब विचारला जाणार नाही, असा लेखी कागद त्याने ड्यूककडून घेऊनही ठेवला होता. १२ मार्च १७३७ च्या रात्री ड्यूक अचानक वारला आणि कागदाची किंमत शून्य झाली. झ्यूसला लगेच अटक झाली. देशद्रोहाबरोबर ख्रिस्ती स्त्रियांशी संबंध, हाही आरोप लागला. धर्म बदलायला त्याने ठाम नकार दिला.

रंगभूमीला ही गोष्ट पुन्हा पुन्हा खुणावत राहिली. जर्मन लेखक लिऑन फॉइश्टवांगरने आधी नाटकच लिहिलं. ते मनासारखं उतरलं नाही म्हणून १९२५ मध्ये कादंबरी आली. तिच्यावरून अॅशली ड्यूक्सने १९२९ मध्ये इंग्रजी नाटक केलं. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये नाटककार पाऊल कोर्नफेल्डचं ‘युड झ्यूस’ (‘ज्यू झ्यूस’) रंगलं. ड्यूकच्या गरजेने मोठा झालेला आणि त्याच गरजेपायी बळी गेलेला माणूस, असाच तो या लेखकांना दिसत होता.

१९४० मध्ये नाझींनी याच नावाचा चित्रपट काढला आणि त्यात झ्यूसला निव्वळ खलनायक केलं. एसएस या नाझी निमलष्करी दलाचा प्रमुख हिमलर याने तो एसएस आणि पोलिसांना सक्तीने दाखवला. कोर्नफेल्ड स्वतः ज्यू होता. १९४२ मध्ये तो पोलंडमधल्या लॉज्झच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, मेला.